परकीची हाक

माझ्या आईला सगळी वस्ती परकी म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर. "परके, ताक उरलंय का गं?" असं म्हणत बायका दारात यायच्या आणि आई मडकं पुढे करायची. तिचं नाव केना होतं, पण ते बाबांच्या तोंडूनसुद्धा मी वर्षातून दोन-तीनदाच ऐकलं असेल. गंमत अशी की बाबांचे पणजोबा समुद्रापलीकडून गलबतात बसून आले, आणि आईची दरी आमच्या वस्तीपासून पश्चिमेला पायी चार दिवसांवर. तिचे लोक त्या दरीत कधीपासून राहत होते ते त्यांनाही ठाऊक नसेल. तरी परकी ती. हे मी एकदा बाबांना ऐकवलं, तर ते म्हणाले, "गलबताचं राहू दे. आज जमीन कोण नांगरतंय ते बघ." बाबांशी वाद घालून कोणाचं भलं झालं नाही.

आमचं बोलणंसुद्धा गलबतातूनच आलेलं. तेही एका वाणाचं नाही. आम्ही सॅक्सन एका तऱ्हेने बोलतो, उत्तरेकडचे अँगल दुसऱ्या, पूर्व किनाऱ्यावरचे तिसऱ्या. मीठ विकायला येणारा अँगल बोलू लागला की आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो, आणि तो आम्हाला हसायचा. पण मीठ विकलं जायचं, म्हणजे एकमेकांचं कळत होतंच. मठातली माणसं हल्ली या सगळ्याला मिळून इंग्लिश म्हणतात. म्हणू देत. मला त्यात एकच गोष्ट दिसते, की त्यात आईच्या माणसांचं म्हणावं असं जवळजवळ काही नाही. नद्यांची नावं तेवढी त्यांची राहिली, चार-दोन टेकड्यांची राहिली. इतकी वर्षं शेजारी राहून, त्यांच्या मुलींशी लग्नं करून, त्यांच्या हातचं खाऊन एवढंच कसं आलं, असं मठातला एक जण मध्यंतरी विचारत होता. मी त्याला म्हटलं, मला विचारा, मी त्याच घरात वाढले आहे.

आई आठ वर्षांची असताना आमच्या लोकांनी तिची दरी घेतली. तिला घोड्यावर टाकून आणलं आणि कारभाऱ्यांच्या घरी दासी म्हणून कामाला ठेवलं. तिथे ती एकदा तिच्या भाषेत रडली तेव्हा तिला दोन दिवस उपाशी ठेवलं. पुढे ती आमच्यासारखंच बोलायला शिकली, आमच्यापेक्षा नीट, प्रत्येक शब्द जपून, पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी. मग बाबांनी, म्हणजे हुनफ्रिथने, तिला मोकळी करवून घेऊन तिच्याशी लग्न केलं. मला आणि माझ्या भावांना तिने तिच्या भाषेतला एक शब्द दिला नाही. पाळण्यातसुद्धा नाही. मी हे तिला मोठेपणी बोलून दाखवलं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

अपवाद एकच होता, डुकरांचा. पानगळीच्या दिवसांत आम्ही डुकरं रानात सोडतो, ओकच्या बिया खाऊन ती माजतात, आणि संध्याकाळी त्यांना गोळा करावं लागतं. इतर घरची माणसं काठ्या घेऊन धावायची. आई रानाच्या कडेला उभी राहून हाक मारायची. तुऽर्च, तुर्च, हौऽऽ. शेवटी आवाज वर चढायचा आणि तिथेच थांबायचा. चहूकडून डुकरं यायची. ही हाक ऐकून वस्तीतल्या बायका चुलीवर आधण ठेवायच्या, धुक्यात चुकलेले लाकूडतोडे वाट शोधायचे. लहानपणी मी तिची नक्कल केली तेव्हा तिने माझ्या तोंडात मारली होती. तेवढी एकदाच. "ती भाषा नाही," ती म्हणाली, "डुकरांसाठीचा आवाज आहे. तू डुक्कर आहेस का?" म्हणजे आमच्या घरात तिची भाषा डुकरांना शिकायला मिळाली, पोरांना नाही.

आता त्या पानगळीचं सांगते. मी सतरा वर्षांची होते आणि माझं लग्न सेबर्टशी ठरलं होतं. सेबर्ट म्हणजे वस्तीतला भाल्याचा पहिला हात. उंच, हसरा, जरा स्वतःवरच खूश असलेला. मला तो आवडायचा, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना मी हुनफ्रिथची मुलगी म्हणून चालत होते. परकीची मुलगी हे कोणी बोलत नव्हतं. आईने तीस वर्षं तोंड मिटून ठेवलं त्याचं हे फळ होतं, आणि ते तिला आणि मला, दोघींना माहीत होतं.

लग्नाच्या महिनाभर आधी वस्तीतले दोन बैल नाहीसे झाले. चोर पश्चिमेकडून आले, असं सगळे म्हणाले. वाईट ते सगळं पश्चिमेकडूनच येतं. रानाबद्दल आमच्यात एक कायदा आहे, पाळण्यातल्या पोरालाही माहीत असलेला. परक्या माणसाने रस्ता सोडून रानातून जायचं असेल तर ओरडत जायचं, नाहीतर शिंग फुंकत जायचं. गुपचूप सापडला तर तो चोर. त्याला तिथेच मारलं तरी मारणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

बैल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटेच सहा जण भाले घेऊन रानात गेले. त्यांत बाबा होते आणि सेबर्टही. दाट धुकं पडलं होतं. ते गेल्यावर आई कुंपणाशी गेली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज डुकरं सोडत नाही. चोर आहेत, त्यात धुकंही आहे." तिने फाटक लावून घेतलं. रानात गेलेल्या सहा जणांना हे कळायचं काही कारण नव्हतं.

आम्ही दोघी जवाची दारू करायला बसलो. मोड आलेले जव भरडून गरम पाण्यात घातले होते. त्या वेळी पिंपापासून हलता येत नाही, सारखं ढवळावं लागतं. आई ढवळत होती, मी पाणी ओतत होते. आणि रानातून हाक आली.

तुऽर्च, तुर्च, हौऽऽ.

मला आधी काहीच वेगळं वाटलं नाही. रोजचीच हाक. मग माझ्या लक्षात आलं की हाक मारणारी माझ्यासमोर पळी धरून बसली आहे. बाहेर कुंपणातली डुकरं एकदम उठून उभी राहिली, एकमेकांना ढकलायला लागली. आईचा हात पिंपातच थांबला.

"आई, तू इथे आहेस," मी म्हटलं. किती मूर्खासारखं बोलले.

ती उठून दारात गेली. हाक पुन्हा आली, आता जरा जवळून. शेवटी आवाज वर चढला आणि थांबला. आईने दाराची चौकट धरली, तोंड उघडलं, छाती भरून घेतली. मी वाट बघत होते. तिने तेव्हा उत्तर दिलं असतं तर हाका मारणारा तिच्या आवाजाच्या रोखाने सरळ आमच्या दारात आला असता. रानातल्या सहा जणांनी दोन हाका ऐकल्या असत्या आणि थबकले असते. तिच्या तोंडातून काही निघालं नाही. तोंड उघडं, डोळे फाटलेले, आणि आवाज नाही. तिसरी हाक आली ती अर्ध्यावर तुटली.

"कोण आहे गं ते?" मी विचारलं.

"आमच्या दरीत हाक शेवटी वर चढते," आई म्हणाली. "पलीकडच्या दरीत खाली उतरते. अशी हाक मारणारा एकच माणूस जिवंत असू शकतो."

"कोण?"

"कादोक. माझा भाऊ. तो डुकरांच्या खोपटात लपला होता, म्हणून त्यांना सापडला नाही."

ती अनवाणीच पळत सुटली. मी पिंप सोडून तिच्या मागे. पण आम्ही पोचायच्या आत ते त्याला ओढत रानाबाहेर घेऊन येत होते. पिकल्या दाढीचा वाळका माणूस, गळ्यात लाकडी क्रूस, मांडीतून रक्त गळतंय. शिंग नव्हतं त्याच्याकडे. सेबर्टच्या भाल्याचं टोक लाल होतं आणि चेहरा उजळला होता.

"झाडाला टेकून उभा होता," तो सगळ्यांना सांगत होता. "ना ओरडला, ना काही. परकी तिच्या डुकरांना बोलावत होती, तिच्या आवाजाच्या आडून आम्ही गुपचूप पुढे गेलो, तर हा समोर."

हे सहा जण ती हाक आयुष्यभर ऐकत आले होते. ऐकली की बायका आधण ठेवायच्या, पुरुष दुर्लक्ष करायचे. तो माणूस कायद्याप्रमाणे ओरडत येत होता, आणि तो ओरडतोय हे एकाच्याही कानाला लागलं नव्हतं.

तो माणूस बोलत होता. काकुळतीने, एकेकाच्या तोंडाकडे बघत. कोणाला काही कळत नव्हतं. त्याची नजर आईवरून दोनदा गेली आणि पुढे सरकली. त्याने शेवटची बघितली ती आठ वर्षांची पोरगी होती, आणि समोर उभी होती ती सॅक्सन वेषातली प्रौढ बाई. आई गर्दीत उभी राहून गप्प होती. कारभारी विग्मुंड आला, जखम बघितली, शिंग आहे का विचारलं, आणि म्हणाला, "उद्या सकाळी ओकखाली सभा. दोर काढून ठेवा."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं ते मी भिंतीला टेकून ऐकलं.

"तो माझा भाऊ आहे," आई म्हणाली.

बाबा भाकरी मोडत होते. "तुझा भाऊ मेला म्हणाली होतीस."

"मला तसं वाटत होतं. ती हाक त्याची होती."

"हाक तुझी होती. तीस वर्षं ऐकतोय मी. आता मला तुझा आवाज शिकवतेस?"

"मी घरी होते. डुकरं बंद आहेत, जाऊन बघा. एब्बाला विचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"केना, ऐक माझं," ते म्हणाले. तिचं नाव घेतलं म्हणजे ते घाबरले होते. "उद्या तू तोंड उघडलंस तर काय होईल? तो ओरडला असं ठरलं, तर सेबर्टने निर्दोष माणसावर भाला चालवला असं ठरतं. पोरीचं लग्न तिथेच मोडलं. आणि लोक म्हणतील, परकीचा भाऊ नेमका बैल जातात तेव्हाच कसा आला? मग ही पोरं कोणाची ठरतील? माझी की तुझी?"

"आणि मी गप्प बसले तर?"

जखमेला लावायला मध आणि फडकं घेऊन बाबा बाहेर गेले. बांधलेल्या माणसाची जखम त्यांनीच बांधली हे मला दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडून कळलं.

"तेव्हा उत्तर का दिलं नाहीस?" मी आईला विचारलं. मला तिचा राग आला होता. त्या माणसासाठी नव्हे, माझ्यासाठी. तिने उत्तर दिलं असतं तर मला आता काही ठरवावं लागलं नसतं.

"तोंड उघडलं गं," ती म्हणाली. "पण कारभाऱ्यांच्या घरातली ती दोन दिवसांची भूक आठवली."

सकाळी धुकं तसंच होतं. ओकखाली सगळी वस्ती जमली होती. फांदीवरून दोर सोडला होता, आणि त्याच्याखाली हात मागे बांधलेला कादोक एका पायावर भार देऊन उभा होता. पाद्रीबाबांनी क्रूस पुढे धरला. सहा जणांनी एकेक करून त्यावर हात ठेवला. पाच जण म्हणाले, परक्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. बाबा शेवटचे होते. ते म्हणाले, "मी डुकरांची हाक तेवढी ऐकली. तेव्हा मला ती माझ्या बायकोची वाटली."

"मग झालं तर," विग्मुंड म्हणाला.

"नाही झालं," आई पुढे येऊन म्हणाली. "मी रानात नव्हते. हाक याची होती. हा माझा भाऊ आहे."

सभेत कुजबुज उठली. कोणीतरी हसलं. "परकी परक्याचीच बाजू घेणार."

विग्मुंड वाईट माणूस नव्हता, पण कायद्याबाहेर पाऊल टाकायचा नाही. "परके, तुला माहीत आहे, या क्रूसावर तुझी शपथ चालत नाही. तू इथे जन्मली नाहीस. दुसरं कोणी आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला सांगायलाच हवं. मुद्दाम बघितलं नाही. जमिनीकडे बघत उभी राहिली. तिने बघितलं असतं तर मी कदाचित हललेही नसते, कारण मी हट्टी आहे. सेबर्ट माझ्याकडे बघत होता. त्याने हळूच मान हलवली, नको म्हणून.

मी पुढे गेले.

"एब्बा, मागे हो," सेबर्ट म्हणाला. "तुझा यात काय संबंध?"

मी क्रूसावर हात ठेवला. "आई काल सकाळपासून माझ्यासमोर जव ढवळत होती. डुकरं कुंपणात होती. हाक रानातून आली, तीनदा. तिसरी तुटली."

"आईने पढवलंय तिला," सेबर्ट म्हणाला. आदल्या आठवड्यापर्यंत त्या आवाजाने मला गुदगुल्या व्हायच्या. "उद्या म्हणेल, बैलसुद्धा स्वतःच्या पायांनी गेले."

लोक हसले. विग्मुंडने हात वर केला. "मुलगी मोकळ्या बापाची आहे, तिची शपथ चालते. पण एकीच्या समोर सहा आहेत. तेव्हा असं करू. तो जर ओरडत होता, तर आत्ता ओरडू दे. सहा जण ऐकतील आणि सांगतील. परके, त्याला सांग, काल मारलीस तीच हाक मार म्हणून. पण हाक तू मारायची नाहीस. तू मारलीस की दोर वर."

किती सोपं होतं. मला हायसं वाटलं. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं.

"कादोक," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. तो भराभर बोलायला लागला, रडायलाच लागला. आई थांबली. पुन्हा तोंड उघडलं. "हाक मार," ती म्हणाली. आमच्या भाषेत. तिने ओठ चावले, डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. "हाक," ती म्हणाली. पुन्हा आमच्याच भाषेत. तिच्या कपाळावर घाम आला होता. शब्द शोधत होती आणि तो तिला सापडत नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला जेवढे शब्द येतात, तेवढ्यांतलेसुद्धा बहुतेक तीस वर्षांत गेले होते. घरात कधी वापरलेच नाहीत तर राहणार कुठे?

"सांग की," विग्मुंड म्हणाला.

"सांगते," आई म्हणाली. "सांगते, थांबा."

कादोक तिच्याकडून दोराकडे आणि दोराकडून तिच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, शेवटचं काय ते बोलून घे असं त्याला सांगताहेत. तो कसाबसा गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला. प्रार्थना असावी.

"ती सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही," सेबर्ट म्हणाला.

विग्मुंडने दोर धरलेल्या माणसांकडे वळून हात उचलला. आई माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कधी कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि पाहायचं नाही.

तेवढ्यात कोणीतरी रेकलं. "तुर्च, तुर्च, होऽऽ."

बाबा होते ते. सहा जणांच्या रांगेतून बाहेर येऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या सभेसमोर. त्यांना हाक कधी जमलीच नव्हती. फाटका आवाज, तोही शेवटी वर जायचा तर खाली पडला. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. "हुनफ्रिथ, डुक्कर झालास का रे?" कोणीतरी ओरडलं. बाबांनी ऐकलं नाही. मान लालबुंद, नजर कादोकवर. पुन्हा तसेच रेकले, पुन्हा तसंच चुकलं.

विग्मुंड म्हणाला, "मी परकीला मनाई केली होती. हुनफ्रिथला नाही." आणि त्याचा हात तिथेच थांबला.

कादोकने डोळे उघडले होते. प्रार्थना अर्धवट टाकून तो बाबांकडे बघत होता, गोंधळून, आणि मग कपाळाला आठी घालून. डुकरं पाळणाऱ्या माणसाला वाईट हाक सहन होत नसावी. त्याने मान नाही म्हणून हलवली. मग मान वर करून त्याने ती नीट मारून दाखवली.

तुऽर्च, तुर्च, हौऽऽ.

आवाज वर चढला आणि थांबला. वस्तीच्या टोकाला आमच्या कुंपणात डुकरं किंचाळायला लागली, फाटकावर आदळायला लागली. ओकपर्यंत ऐकू येत होतं. हसू थांबलं. पाच जण एकमेकांकडे बघेनात. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर होता तो म्हणाला, "हीच. काल हीच होती." मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. सेबर्ट मात्र भाला टेकून उभा राहिला, आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. माझं लग्न मोडलं ते तेव्हा. निरोप नंतर आला, त्याच्या आईकडून, पण मला तो नवा नव्हता. मी त्या रात्री रडले, हेही खरं. पुढे त्या हसऱ्या मीठवाल्या अँगलच्या भावाशी माझं लग्न झालं आणि बरं चाललं, पण ते वेगळं.

विग्मुंडने दोर उतरवला. पण बैल अजून सापडले नव्हते आणि लोकांच्या नजरा निवळल्या नव्हत्या. त्याने निवाडा दिला. या माणसाला आत्ताच गाडीत घालून सीमेच्या ओढ्यापलीकडे सोडायचं. हात ओढ्यापर्यंत बांधलेले राहतील. वाटेभर शिंग वाजवत जायचं. "आणि परके, तू या ओकच्या पुढे पाऊल टाकायचं नाहीस. तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

बाबांनी स्वतःचं शिंग आणून गाडीवानाला दिलं. आईने गाडीत पेंढा घातला, घरून आणलेली भाकरी आणि चीज कादोकच्या अंगरख्यात खोचलं, त्याच्या गालावर हात ठेवला. तो वाकला आणि त्याने कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. मग तो बोलला. आता भराभर नाही, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. लांबलचक वाक्य होतं. बोलताना तो रडत होता आणि हसतही होता. बोलून झाल्यावर त्याने तेच पुन्हा एकदा म्हटलं. एवढ्यासाठी तो शिंगाशिवाय चार दिवस रान तुडवत आला होता, हे मलाही कळत होतं.

आईने मान हलवली. हो, हो, अशी दोनदा. त्याचा चेहरा निवळला. मनावरचं ओझं उतरलं असावं. गाडी हलली. तो वळून वळून बघत होता, आई हात वर करून उभी होती. धुक्यात गाडी दिसेनाशी झाली, शिंग तेवढं ऐकू येत राहिलं, मग तेही बंद झालं. लोक घरोघर गेले. बाबा आमची वाट बघत थोडे लांब उभे राहिले.

आईने माझा दंड धरला.

"एब्बा, तो काय म्हणाला गं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. "तू तर मान हलवलीस," मी म्हटलं.

"मग काय करू? माझा भाऊ इतक्या लांबून आला. त्याला कसं सांगू, मला कळत नाही म्हणून?" तिची बोटं माझ्या दंडात रुतत होती. "'आई' म्हणाला, तेवढं कळलं मला. तो शब्द आहे अजून. पुढचं काय म्हणाला? आमची आई आहे म्हणाला, का गेली म्हणाला?"